पथ्य मुलाच्या हाती सोपविताना

साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी. शेंगदाण्याचे कूट आपल्या स्वयंपाकात सर्वत्र असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचे पथ्य लहानपणी आई सांभाळते. बारा-तेराव्या वर्षी मात्र तो सदाशिव पेठेत शिकवणीला एकटा येतो, मित्रांसमवेत खातो आणि विचारण्यास संकोचतो. धोका येथेच असतो.

म्हणून आम्ही पालकांना सुचवितो, की मुलाला तीन सवयी लावाव्यात : “यात कूट आहे का?” असे स्वतः विचारणे, २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर छापलेली ॲलर्जीविषयक सूचना वाचणे, आणि घसा आवळल्यास वा श्वास लागल्यास तत्काळ सांगणे. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

विचारणे हा भित्रेपणा नव्हे, हे मुलाला घरातूनच कळावे, ही नम्र विनंती.