हात वाळतो, पण मुंग्या येत नाहीत

'डॉक्टर, स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना उजव्या पायातली चप्पल निसटते,' डोंबिवलीहून रोज ठाण्याला नोकरीसाठी येणारे पंचावन्नीचे गृहस्थ सांगत होते. सहा महिने त्यांच्यावर मणक्याचे उपचार चालू होते. कमरेला पट्टा बांधून झाला, ट्रॅक्शन झाले, गोळ्या झाल्या. पण दुखणे, मुंग्या, बधिरपणा यांपैकी काहीच त्यांना कधी नव्हते. तपासताना पोटरी वाळलेली दिसली, मांडीचे स्नायू कातडीखाली लवलवत होते. तरीही गुडघ्याखाली हातोडी मारताच तोच पाय जोरात उडाला.

वाळलेला स्नायू आणि जोरात उडणारा पाय, हे एकत्र दिसले की मोटर न्यूरॉन डिसीजची शंका घ्यावी लागते.

आपली हालचाल दोन टप्प्यांत होते. मेंदूतली 'वरची' चेतापेशी हुकूम सोडते. मज्जारज्जूतली 'खालची' पेशी तो स्नायूपर्यंत पोहोचवते. खालच्या पेशीवर स्नायूचे पोषणही अवलंबून असते. ती मेली की स्नायू लुळा पडतो, वाळतो, लवलवतो. वरची पेशी हुकमाबरोबर लगामही धरते. ती गेली की लगाम सुटतो आणि हातपाय ताठरतात. जीभ आणि घशाच्या पेशी मेंदूच्या देठात असतात. तिथे आजार पोहोचला की बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो. या आजाराच्या 'एएलएस' या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात दोन्ही थरांतल्या पेशी मरतात. फ्रान्सच्या शार्को यांनी 1869 मध्ये त्याचे वर्णन केले.

सगळ्याच चेतापेशी मात्र त्याच्या तावडीत सापडत नाहीत. स्पर्श आणि वेदना नेणाऱ्या पेशी वाचतात, म्हणून मुंग्या येत नाहीत. डोळे फिरवणाऱ्या आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या पेशीही बहुधा शेवटपर्यंत टिकतात. म्हणूनच वाचा गेलेला रुग्ण डोळ्यांच्या इशाऱ्याने अक्षरे दाखवून बोलू शकतो. बहुतेकांचे भान शाबूत असते, काहींच्या वागण्यात किंवा निर्णयशक्तीत बदल होतो.

वाळलेला प्रत्येक हात मात्र या आजाराचा नसतो. कल्याणचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला, तेव्हा घरच्यांनी मोबाइलवर वाचून आशाच सोडली होती. त्याचा एकच पंजा वाळला होता, थंडीत बोटे जास्त आखडत. मान पुढे वाकवून एमआरआय काढला आणि निदान झाले हिरायामा आजाराचे. जपानमध्ये 1959 साली प्रथम नोंदवलेला हा विकार आपल्याकडच्या तरुण मुलांतही दिसतो. मान वाकवताना मज्जारज्जू दाबला जाऊन त्या भागातल्या फक्त खालच्या पेशी मरतात. काही वर्षांत तो बहुधा आपोआप थांबतो. मानेला कॉलर लावून पुढचे नुकसान कमी करता येते.

एएलएस बरा करणारे औषध नाही. रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. बहुतेक रुग्ण पहिल्या लक्षणानंतर दोन ते पाच वर्षे जगतात. 1963 मध्ये निदान झाल्यावर 2018 पर्यंत जगलेले स्टीफन हॉकिंग हा अपवाद. 'सहा महिने आधी कळले असते तर बरा झालो असतो का?' डोंबिवलीच्या त्या गृहस्थांनी विचारले. 'नाही,' मी म्हणालो. पण वजन राखणे, श्वासाची ताकद वेळोवेळी मोजणे, गरजेनुसार रात्री मास्कचे यंत्र लावणे, गिळता येईनासे होण्याआधी पोटात नळी बसवून घेणे, हे वेळेत झाले तर दिवस वाढतात आणि सुसह्यही होतात. घरच्यांशी बोलून घ्यायचे निर्णय वाचा शाबूत असतानाच घेता येतात.

म्हणून वेदना किंवा बधिरपणा नसताना हातापायाची ताकद कमी होत असेल, बटण लावता येत नसेल, जीभ जड होत असेल, तर मणक्याच्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. नस आणि स्नायूंची तपासणी, म्हणजे एनसीव्ही-ईएमजी, करून घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. लोकलने तिथे जाण्यात एक दिवस मोडेल, पण चुकीच्या उपचारात जाणारे महिने वाचतील.