कॉमिकेटमध्ये गिऱ्हाईक नसतं

मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले तेवढ्यात पुढच्या मुलाने मागे वळून, दोन्ही हातांनी, एक पुठ्ठ्याची पाटी माझ्याकडे दिली. पाटीवर जपानीत लिहिलं होतं ‘साइकोबी’, म्हणजे रांगेचं शेवटचं टोक. मला वाटलं, त्याला पिशवीत काही शोधायचं असेल म्हणून क्षणभर धरायला दिली. तो तर पुढे बघत निवांत उभा राहिला. मिनिटभराने माझ्यामागे एक बाई आल्या आणि त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला, तेव्हा उलगडा झाला. जो शेवटचा त्याने पाटी उंच धरायची, मागे कोणी आलं की त्याच्या हाती सोपवायची. कोणी शिट्टी वाजवत नव्हतं, दोरखंड बांधलेला नव्हता. रांगेतली माणसंच रांग सांभाळत होती.

तोक्योच्या कॉमिक मार्केटमधला, म्हणजे सगळे ज्याला कॉमिकेट म्हणतात तिथला, हा माझा पहिला तास. आमच्या निशी-कसाई भागात मराठी घरं बरीच आहेत. त्यांतली अॅनिमेवेडी मुलं ऑगस्ट किंवा डिसेंबर जवळ आला की विचारायला येतात, ‘मावशी, पहिल्यांदाच जातोय, काय काय माहीत असायला हवं?’ त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मुंबईच्या कॉमिक कॉनची सवय असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. कॉमिकेट हे प्रदर्शन नाही, आणि तिथे गिऱ्हाईक नावाचा प्राणी नाही. टेबलामागे बसणारा, टेबलापुढे उभा राहणारा आणि रांगा वळवणारा स्वयंसेवक, तिघांनाही आयोजक ‘सहभागी’ हाच एक शब्द वापरतात. हे नुसतं सौजन्य नाही. तिथले जवळजवळ सगळे नियम या एका शब्दातून निघतात.

१९७५ च्या २१ डिसेंबरला तोक्योत तोरानोमोन इथल्या एका सभागृहात पहिलं कॉमिकेट भरलं, तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं आली होती. ‘मेइक्यू’ नावाच्या एका लहानशा टीकाकार मंडळाने ते भरवलं. त्या मंडळातले योशिहिरो योनेझावा पुढे १९८० पासून २००६ मध्ये जाईपर्यंत कॉमिकेटचे प्रमुख होते. स्वतः लिहिलेलं, काढलेलं, छापलेलं मासिक विकायला कुणाची परवानगी लागू नये, एवढीच मंडळाची मागणी होती. अशा मासिकाला ‘दोजिन्शी’ म्हणतात. ‘दोजिन’ म्हणजे एकाच ओढीची माणसं. आपल्याकडचा ‘समानधर्मा’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. ही परंपरा अॅनिमेच्या कितीतरी आधीची आहे. ओझाकी कोयो या कादंबरीकाराने मित्रांसोबत १८८५ मध्ये असंच एक मासिक सुरू केलं होतं. साठच्या दशकातली आपली लघुनियतकालिकं, ती सायक्लोस्टाइल केलेली पानं, हातोहात केलेली विक्री ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दोजिन्शी समजवायला फार शब्द लागत नाहीत.

त्या ७०० माणसांची संख्या २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांवर गेली. मग करोना आला, २०२० च्या मे महिन्यात भरायचं कॉमिकेट रद्द झालं. आता ते दोन दिवसांचं असतं आणि अडीच ते तीन लाख माणसं येतात. जागा १९९६ पासून एकच, तोक्यो बिग साइट: समुद्र बुजवून मिळवलेल्या जमिनीवर उभं असलेलं, उलट्या पिरॅमिडच्या आकारांचं प्रदर्शन केंद्र. रिनकाई लाइनने कोकुसाई-तेन्जिजो स्टेशनला उतरावं किंवा युरिकामोमे लाइनने थेट दारात.

पूर्वी कोणीही उठून जाऊ शकत असे. आता मनगटावर बांधायचा रिस्टबँड आधी घ्यावा लागतो. लवकर आत सोडणारा सोडतीत मिळतो, बाकी सकाळचा आणि दुपारचा असे प्रकार. नवख्याने दुपारचाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. सकाळच्या रांगेत उन्हात तासन्‌तास उभं राहणारी माणसं काय हवंय ते महिनाभर आधी ठरवून आलेली असतात. तुम्हाला अजून काय आवडणार आहे तेच माहीत नाही. त्यासाठी पाय थकवण्यात अर्थ नाही. रात्रभर बाहेर मुक्काम ठोकायला मनाई आहे, आणि ती मनापासून पाळावी. आजूबाजूला वस्ती आहे, आणि रात्री गर्दीत काही झालं तर पुढच्या वेळी जागाच मिळायची नाही.

आत शिरल्यावर बावरायला होतं. हॉलचं टोक दिसत नाही. पण या गर्दीला एक पत्ता आहे, आणि तो वाचता आला की निम्मं काम झालं. विकायला बसणाऱ्या प्रत्येक गटाला ‘सर्कल’ म्हणतात, मग त्यात एकच माणूस का असेना. सर्कल कित्येक महिने आधी अर्ज करतं, सोबत एक छोटं चित्र जोडतं, सोडत निघते, आणि एका लांब टेबलाचा अर्धा भाग त्याच्या वाट्याला येतो: ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. पत्त्यात आधी हॉल, मग रांगेचं अक्षर, मग टेबलाचा आकडा आणि शेवटी ए किंवा बी, म्हणजे टेबलाचा हा अर्धा की तो अर्धा. एकाच मालिकेवर किंवा विषयावर काम करणारी सर्कल शेजारी शेजारी बसवतात. म्हणून आपल्या आवडीचं एक टेबल सापडलं की त्या गल्लीतले सगळे आपलेच.

टेबलं जोडून लांबट बेटं केलेली असतात. सर्कलवाले बेटाच्या आत बसतात, आपण बाहेरून फिरतो. ज्यांच्यापुढे मोठ्या रांगा लागणार हे आयोजकांना ठाऊक असतं त्यांना भिंतीलगत बसवतात, म्हणजे रांग थेट दारातून बाहेर काढता येते. भिंतीवरच्या सर्कलची कीर्ती मोठी असते, पण पहिल्या दिवशी बेटांमध्येच फिरावं. मोठ्या कंपन्यांचे स्टॉल वेगळ्या हॉलमध्ये असतात. तिथल्या वस्तू पुढे दुकानांत किंवा ऑनलाइन पुष्कळदा मिळतात. बेटावरचं पुस्तक कदाचित पुन्हा कधीच दिसणार नाही.

आता पैसे. इथे माझी चूक झाली होती. मी बँकेच्या मशीनमधून काढलेल्या दहा-दहा हजार येनच्या नोटा घेऊन गेले. पहिल्याच टेबलावर पाचशे येनचं पुस्तक उचललं आणि नोट पुढे केली. समोरच्या मुलीकडे पत्र्याच्या डब्यात मोजकी नाणी होती. तिने डबा उलटसुलट केला, शेजारच्या सर्कलला विचारलं, आणि शेवटी वाकून माझीच माफी मागितली. ती दुकानदार नव्हती. घरून आणलेले सुटे पैसे तेवढेच होते. मी तिच्या दिवसातली दहा मिनिटं खाल्ली आणि पुस्तक तिथेच राहिलं. दोजिन्शीच्या किमती बहुधा पाचशे, हजार अशा सोप्या असतात, त्याही याचसाठी. तेव्हा आठवडाभर आधीपासून पाचशेची नाणी आणि हजारच्या नोटा साठवाव्यात आणि गळ्यातल्या छोट्या पाकिटात ठेवाव्यात.

टेबलापुढे आल्यावर पुस्तक लगेच उचलू नये. ‘मितेमो ईदेसका?’, म्हणजे ‘बघू का?’ एवढं विचारावं. चाळून झालं आणि घ्यायचं नसेल तर नीट परत ठेवून आभार मानले की झालं, कोणी वाईट वाटून घेत नाही. ‘शिनकान’ म्हणजे या कॉमिकेटसाठी काढलेलं नवं पुस्तक. काही पुस्तकं प्रौढांसाठी असतात, त्यांवर तसा शिक्का असतो आणि वय दाखवावं लागतं. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी नकाशात ते भाग आधी बघून ठेवावेत.

बरीच पुस्तकं दोजिन्शी छापणाऱ्या छापखान्यांतून थेट टेबलाखाली खोक्यांत येऊन पडलेली असतात, गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठाची. पण माझ्या मनात राहिली ती ‘कोपी-बोन’, आदल्या रात्री झेरॉक्स काढून घरी टाचलेली पुस्तिका. एका बेटाच्या मधोमध एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्यापुढे सोळा पानांच्या पुस्तिकेच्या वीसेक प्रती. जुन्या रोबो मालिकांमध्ये यंत्रांचे हात कसे रेखाटले गेले, बोटं किती, सांधे कुठे, एवढाच विषय. एका प्रतीची टाचणी तिरकी बसली होती. मी ती उचलल्यावर त्यांनी ती हळूच परत घेतली, नखाने टाचणी काढली, पानं टेबलावर ठोकून सारखी केली आणि नव्याने स्टेपल करून दोन्ही हातांनी दिली. तीनशे येन.

इतरांची पात्रं घेऊन काढलेली पुस्तकं चालतात कशी, हा प्रश्न हमखास येतो. जपानच्या कायद्यात विडंबनाला वेगळी सूट नाही. पण स्वामित्व हक्काचा भंग हा तिथे मूळ हक्कदाराने तक्रार केली तरच खटला चालणारा गुन्हा होता, आणि बहुतेक प्रकाशक तक्रार करत नाहीत. २०१८ च्या अखेरीस कायदा बदलला, तेव्हा तक्रारीविना खटल्याची तरतूद मूळ कृती जशीच्या तशी छापून तिच्या विक्रीला धक्का देणाऱ्यांपुरती ठेवली गेली. दोजिन्शी त्यातून बाहेर राहिली. प्रकाशकांना यात तोटाच आहे असंही नाही. आज जगभर गाजलेल्या क्लॅम्प या चित्रकार स्त्रियांची सुरुवात दोजिन्शीतूनच झाली. टाइप-मून या सर्कलने २००० च्या डिसेंबरात ‘त्सुकिहिमे’ हा खेळ कॉमिकेटलाच विकायला ठेवला. ‘फेट स्टे नाइट’ हा खेळ करणारी मंडळी हीच.

आवडत्या पात्राचा पोशाख करून जायचं असेल तर घरून घालून निघू नये. त्याला परवानगी नाही. आत नोंदणी करावी, तिथल्या खोल्यांत कपडे बदलावेत, निघण्यापूर्वी पुन्हा साधे कपडे घालावेत. फोटो ठरवून दिलेल्या जागेतच, आणि विचारूनच. एखाद्याभोवती कडं जमलं की जमलेल्यांपैकीच कोणीतरी मोठ्याने दहापासून उलटे आकडे मोजतं. शून्य आलं की सगळ्यांनी कॅमेरे खाली करून बाजूला व्हायचं.

उन्हाळ्याला हलक्यात घेऊ नका. २०१३ च्या ऑगस्टमध्ये माणसांच्या घामाची वाफ हॉलच्या छताखाली धुक्यासारखी जमली होती, तिला आजही ‘कॉमिकेटचा ढग’ म्हणतात. पाणी, मिठाच्या गोळ्या, टॉवेल, टोपी. डिसेंबरात उलट, खाडीवरचा वारा हाडांत शिरतो. पुस्तकं जड झाली तर आवारातच कुरियरची सोय असते. खोकं भरून घरी पाठवावं आणि मोकळ्या हातांनी ट्रेन पकडावी.

चार वाजता ध्वनिक्षेपकावरून समाप्तीची घोषणा होते आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. सकाळी उद्‌घाटनालाही असाच कडकडाट होतो. मंचावर कोणी नसतं. माणसं एकमेकांसाठीच वाजवतात. त्यानंतर लगेच पळू नका. खुर्च्या-टेबलं उचलायला हात लागतात, आणि मदत करणाऱ्याला कोणी ‘तुम्ही कोण’ असं विचारत नाही. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत सर्कलने आयोजकांकडे जमा केलेली असते. अशा प्रती मेइजी विद्यापीठाच्या योनेझावा स्मृती ग्रंथालयात वाचायला मिळतात, ते २००९ मध्ये सुरू झालं.

घरी आल्यावर एक काम उरतं. दोजिन्शीच्या शेवटच्या पानावर सर्कलचं नाव आणि संपर्काचा पत्ता छापलेला असतो. तिथे दोन ओळी लिहून पाठवाव्यात, मोडक्या जपानीत चालतील. वीस प्रती काढणाऱ्याला वाचक भेटला हे कळायचा बहुतेकदा तोच मार्ग. मी रोबोच्या हातांबद्दल लिहिलं, की तिसऱ्या पानावरचा अंगठा उलटा वाटतो. उत्तर आलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र एक ईमेल आला. त्यात मजकूर नव्हता, फक्त पत्ता होता: हॉल, अक्षर, आकडा, बी.