'जेवलास का?' याच्या पुढचा प्रश्न

जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात. वराछा, कतारगाम भागातल्या कारखान्यांत 'घंटी'भोवती बसून काम करणाऱ्याला तिथे मानाने 'रत्नकलाकार' म्हणतात. नाव मोठे, पण मजुरी बहुतेकांना नगावर. माल आला तर पैसे, नाही आला तर घरी बसा. आपल्याकडच्या निपाणीच्या विडी कामगाराला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

२००८ च्या मंदीत दिवाळीच्या सुट्टीनंतर अनेक कारखाने उघडलेच नाहीत. २०२२ नंतर पुन्हा तोच फेरा आला. युद्धामुळे रशियाच्या हिऱ्यांवर निर्बंध, चीनमधली घटलेली मागणी आणि प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे, सगळे एकदमच आले. जुलै २०२४ मध्ये डायमंड वर्कर्स युनियन गुजरात या संघटनेने आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन सुरू केली. त्याआधीच्या १६ महिन्यांत ६५ कामगारांनी जीव दिला, असे संघटनेचे म्हणणे होते. फोन करणारे काय मागत होते? काम, मुलांची फी, घरभाडे, कर्जाच्या हप्त्याला थोडी मुदत. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने जाहीर केलेल्या मदतीत मुलांच्या शाळेच्या फीचाही समावेश होता.

माझी मावसबहीण सुरतेला उधन्यात राहते. तिथे आणि लिंबायतमध्ये मराठी घरे पुष्कळ. ती म्हणाली, "अगं, हप्ता थकला की माणूस आधी गावाकडे फोन करायचं सोडतो." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या सीमाभागातलीही किती मुले पोटासाठी पुण्या-बेंगळूरला, गोव्याला आहेत! फोनवर आपण विचारतो, "जेवलास का?", "ऊटा आतेन?" तो "हो" म्हणतो आणि आपण निश्चिंत होतो.

देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात चारांतला एकाहून अधिक रोजंदारीवर राबणारा होता. पण कर्ज किंवा बेकारी हे एकच कारण धरून चालत नाही. त्याला आजार, दारू, घरातले ताण आणि लाज यांची जोड मिळते. म्हणून उपायही अनेक बाजूंनी करावे लागतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर नैराश्याविषयी बोलायला लावले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे मदत घेतात, फक्त ती दाराशी यावी लागते. गुजरातेतच मेहसाणा जिल्ह्यात पुण्याच्या एका संस्थेच्या पुढाकाराने शाळेतली मुले, आरोग्य कार्यकर्ते आणि शेतकरी यांना धरून असेच काम झाले आहे.

वाचकहो, आपल्याला घरी काय करता येईल? माणूस अबोल झाला, झोप उडाली, "माझा सगळ्यांना भार झाला" असे बोलू लागला, वस्तू वाटू लागला, तर सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का रे तुला?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो ही भीती खरी नाही, असे अभ्यास सांगतात. उलट मनावरचे ओझे उतरते. मग उपदेश नको, ऐकून घ्या. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरकडे सोबत जा. पोलिसांच्या भीतीने लपवूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. बेंगळूरची निम्हान्स तिच्या मुख्य आधारसंस्थांपैकी एक. क्रमांक १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही आणि कन्नडमध्येही. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो आजच लिहून ठेवा आणि परगावी असलेल्या मुलालाही कळवा.