मूत्रपिंड देणारी आई आहे, संशोधन करणारी लेक हवी

गुरुकुंज मोझरी हे अमरावती-नागपूर महामार्गावरचे गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभा केला, तेव्हापासून ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. या रस्त्याने धावणाऱ्या एस.टी.त डायलिसिसला निघालेली माणसेही असतात. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून पडून राहणे. रोजमजुरीच्या घरात रुग्णाबरोबर सोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडते.

अशा घरात एक दिवस आई म्हणते, "माझी किडनी घ्या, पण लेकराला वाचवा." आपल्या धम्मात दानाचे मोल मोठे आहे. जातककथेतल्या शिबी राजाने तर स्वतःचे डोळे दिले. परंतु आईने दिलेले मूत्रपिंडसुद्धा मुलाचे शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. ते परके आहे हे रक्तातल्या पेशी ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून आधी रक्तगट आणि ऊती जुळतात का ते तपासावे लागते, आणि नंतर ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. देण्याचे काम करुणा करते, पण दिलेले टिकवण्याचे काम प्रज्ञेला करावे लागते. ही प्रज्ञा कशी घडते, याची एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

जर्मनीत हिटलरच्या राज्यात ज्यूंचा छळ सुरू होता. बर्लिनच्या अनाथाश्रमात ठेवलेला तेरा वर्षांचा एक ज्यू मुलगा डिसेंबर १९३८ मध्ये निर्वासित बालकांबरोबर इंग्लंडला पोचला. मागे राहिलेले आई-वडील आणि बहीण मारले गेले. हा मुलगा पुढे प्रयोगशाळेत मदतनीस झाला, सैन्यात गेला, आणि परत येऊन प्राणिशास्त्र शिकला. त्याचे नाव लेस्ली ब्रेंट. त्याचे प्राध्यापक पीटर मेडावार यांनी त्याला संशोधक विद्यार्थी म्हणून हाताशी घेतले. १९५३ साली मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवून दिले की, जन्मापूर्वीच परक्या पेशींची ओळख झाली तर शरीर पुढे त्या परक्याची त्वचा स्वीकारते. मेडावारांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेतला वाटा त्यांनी आपल्या या दोन्ही सहकाऱ्यांना दिला.

या तिघांपैकी एकही शल्यचिकित्सक नव्हता, हे ध्यानात घ्यावे. प्रत्यारोपण म्हणजे नुसती सुरी चालवणे नव्हे. ज्याला कुणीच उरले नव्हते अशा एका मुलाला कोणीतरी शिकवले, त्याचा लाभ आज जगाला होतो आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. मोझरीच्या पश्चिमेला पूर्णेच्या काठी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा आहे. तिथे मूत्रपिंडाचे रुग्ण फार, ही तक्रार जुनी आहे. आजार नेमका कशाने होतो? प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची मात्रा आपल्या माणसांना किती लागते? प्रतिकारशक्ती दाबली की क्षयरोग डोके वर काढतो, तो कसा रोखावा? ही दुःखे ज्यांनी घरात पाहिली, तेच हे प्रश्न जिद्दीने विचारतील. अमरावतीच्या शासकीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात त्या २०१६ साली सुरू झाल्या. म्हणजे काम दाराशी आले आहे. त्यात आपली मुले किती, हा आमचा प्रश्न आहे.

वाट लांब आहे. एमबीबीएसला साडेपाच वर्षे, एमडीला तीन, मूत्रपिंडविकारातल्या डीएमला आणखी तीन. पहिल्या दोन टप्प्यांवर राखीव जागा आहेत. अतिविशेष शिक्षणात मात्र त्या नसाव्यात, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली प्रीती श्रीवास्तव खटल्यात दिले. ही लढाई वेगळी लढावी लागेल. तोवर मुलांची तयारी थांबता कामा नये.

दुसरी वाट विज्ञानाची. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एमएससी करून नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र मात्र वेळेवर काढून ठेवा. कागदाअभावी वर्ष वाया जाऊ देऊ नका.

तिसरी वाट प्रत्यारोपण समन्वयकाची. दात्याच्या दुःखी कुटुंबाशी बोलणे, कागदपत्रे पाहणे, अवयव वेळेत पोचवणे, ही कामे तो करतो. २०१४ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त कोणत्याही वैद्यकशाखेचा पदवीधर, परिचारिका किंवा इतर पदवीधरही हे काम करू शकतो, समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी असल्यास उत्तम. गुरुकुंजात आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनाही ही वाट मोकळी आहे.

पालकांना आमचे एकच सांगणे आहे. मुलगी एमएससी झाली की, "आता नोकरी कर, नाहीतर लग्न करू," अशी घाई होते. पीएचडीची पाच वर्षे घराला रिकामी वाटतात. ती रिकामी नसतात. बाबासाहेबही परदेशी शिकत होते तेव्हा माता रमाईने घरी गोवऱ्या थापून दिवस काढले. तेवढे कष्ट आज कोणाच्याही आईवर येऊ नयेत, यासाठी वस्तीवस्तीतल्या विहारांनी पुस्तकांचा आणि प्रवेश शुल्काचा निधी उभारावा. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा त्यासाठी काढला तरी सुरुवात होईल.

डायलिसिसच्या खाटेवर आपली माणसे आहेत. त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला, तपासणाऱ्यांत आणि शोध लावणाऱ्यांतही ती दिसली पाहिजेत.