कौलातून वीज येते का?

मित्रांनो, तुमच्या घरावर काय आहे? स्लॅब, पत्रे की कौलं? कौलं असतील तर स्वयंपाकघरात जाऊन वर बघा पाहू! तांबड्या कौलांमध्ये एखादं काचेचं कौल दिसेल. त्यातून उन्हाची तिरीप खाली येते आणि दिवसा दिवा न लावता उजेड पडतो. आमच्या कशेडी घाटाच्या बाजूला जुन्या घरांतून असं कौल हमखास असतं.

आता मला सांगा, दिवसा ऊन पिऊन रात्री दिवा लावणारं कौल असेल तर?

हा प्रश्न माझा नाही बरं का! माझ्या वर्गातल्या एका मुलाचा आहे. तो म्हणाला, "बाई, आमचं छप्पर काढायचंय. वाशांना वाळवी लागलीय. आता विजेची कौलं मिळतात म्हणे. तीच घातली तर?"

त्याच्या घरी आजी, आई आणि तो. बाबा मुंबईला कामाला. छपरासाठी पै पै करून पैसे साठवलेले. ते एकदाच खर्च होणार. चुकीचं छप्पर घातलं तर आमच्याकडचा पाऊस काही माफ करत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या हजारो घरांची कौलं आणि पत्रे उडाले. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तो अंधार या मुलाला अजून आठवतो. म्हणून मी म्हटलं, "चल, आपण नीट हिशेब करू."

आधी आपलं साधं कौल बघू. पूर्वी घरांवर कुंभारानं घडवलेली नळीची कौलं असत. 1865 साली बाझल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं सगळीकडे गेली. तीच आपली मंगलोरी कौलं!

आणि सौर कौल? त्याच्यावर मजबूत काच असते आणि काचेखाली सिलिकॉनचे पातळ घट. घटावर ऊन पडलं की वीज वाहू लागते. उजेडापासून वीज मिळते हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी 1839 मध्ये दाखवलं, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. सिलिकॉनचा कामाचा घट मात्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 मध्ये तयार झाला. तो उन्हाचा शंभरातला सहावा भागच विजेत बदलत असे. आजचे चांगले पॅनेल वीस-बावीस भाग बदलतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीनं सौर कौलांचं छप्पर जगाला दाखवलं. गंमत म्हणजे, त्यातली सगळी कौलं वीज करत नाहीत. काही नुसती दिसायला तशीच असतात. कडेला, कोपऱ्यात, सावलीत ती घालतात.

मग आमचा हिशेब सुरू झाला. सौर कौल म्हणजे छप्पर आणि वीजघर एकातच. छप्पर बदलायचंच असेल तर साध्या कौलांचे पैसे वाचतात, ही जमेची बाजू. पण सौर कौलांची किंमत पॅनेलपेक्षा बरीच जास्त. शिवाय पॅनेल चौकटीवर थोडं उंच बसतं, त्याच्या पाठीमागून वारा खेळतो. कौल छपराला चिकटून असतं, म्हणून जास्त तापतं. आणि सिलिकॉन तापलं की वीज कमी होते बरं का! 25 अंशांच्या वर दर अंशाला शेकडा पाव ते अर्धा भाग घट होते.

वीज लागते तरी किती? 9 वॅटचे पाच दिवे पाच तास लावले तर पाव युनिटसुद्धा होत नाही. 75 वॅटचे दोन पंखे आठ तास फिरले तर सव्वा युनिटाच्या आत. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे लहान घराला तेवढं पुष्कळ झालं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000 रुपये अनुदान ठेवलं आहे. सह्याद्रीपलीकडे पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथल्या घरांवरही पॅनेलच आहेत.

मुलाला सगळ्यात मोठा धक्का पुढेच बसला. तो म्हणाला, "बाई, म्हणजे वादळात लाइट गेली तरी आमच्याकडे दिवे!" तर नाही! महावितरणच्या तारांना जोडलेलं साधं सौरयंत्र, तारांतली वीज गेली की आपोआप बंद होतं. का, सांगा पाहू? खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. अंधारात दिवा हवा तर बॅटरी आणि ती चालवणारं यंत्र वेगळं घ्यावं लागतं. हे कौलालाही लागू आणि पॅनेललाही.

मी घरी जाऊन हे सगळं सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "बाई, वानरानं उडी मारून कौल फोडलं तर नवं कोण आणणार? मातीचं कौल आमचा पोरगासुद्धा बदलतो." मी गप्पच झाले. आमच्या तालुक्यात सौर कौल दुरुस्त करणारा माणूस मला तरी माहीत नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. आधी वासे आणि रिपा नव्या. मग मंगलोरी कौलंच, पण दक्षिणेकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, एक किलोवॅटचे पॅनेल. त्यांची चौकट कौलांवर नाही, तर वाशांना पक्की बांधायची. दोन दिव्यांपुरती छोटी बॅटरी. मुलगा थोडा हिरमुसला. मी म्हटलं, "सौर कौलं उद्या स्वस्त होतील, दुरुस्त करणारेही तयार होतील. त्यातला एक तू हो की!" लगेच कळी खुलली.

आता तुमचं काम. छपरावर मात्र मुळीच चढायचं नाही हं! अंगणातूनच बघा. तुमच्या घराचं आढं पूर्व-पश्चिम आहे की दक्षिण-उत्तर? पूर्व-पश्चिम असेल तर एक पाखं दक्षिणेकडे उतरतं. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून ते सगळ्यात चांगलं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता फणसाची, माडाची सावली कुठवर येते ते वहीत काढा. मग विजेचं बिल घेऊन महिन्याचे युनिट बघा आणि आईबाबांबरोबर बसून हिशेब करा.

आणि हो, त्या घरातलं काचेचं कौल आजींनी जपून ठेवलंय. नव्या छपरात ते चुलीच्या वर पुन्हा बसणार आहे.