रानवाटेवरचे हात

पावसाळी भटकंतीनंतर जुलाब-उलट्या झाल्या की खापर ओढ्याच्या पाण्यावर फुटते. हात मात्र सहज सुटतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात खडक धरत चढलेला, चिखल लागलेला हात थेट फरसाणाच्या पुडीत जातो, आणि त्याच पुडीत आणखी सहा जणांचे हात असतात. विष्ठेतले जंतू तोंडापर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग. पुडी हातात न देता प्रत्येकाच्या तळव्यावर ओतली, तरी बराच धोका टळतो.

सॅनिटायझरवर फार भिस्त नको. मळलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमीच पडतो. साबण जंतूंना त्वचेवरून सोडवतो, पाणी त्यांना वाहून नेते. त्यासाठी 20 सेकंद चोळणे पुरते. खिशात मावणारा कागदी साबण इथे कामाचा.

याच उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवायला कातळात पोढ्या, म्हणजे टाक्या, खोदल्या. आज त्या उघड्या आहेत आणि माकडांचा वावर आहे, त्यामुळे ते पाणी पिण्याजोगे नाही. स्वच्छ दिसणाऱ्या झऱ्यातही जिआर्डिया हा परजीवी असू शकतो. त्याचे कवच क्लोरीनला सहज दाद देत नाही, म्हणून पाणी खळखळून 1 मिनिट उकळावे. घरून बाटली नेणे अर्थात सोपे.

पाण्यात विष्ठा मिसळू नये म्हणून सह्याद्रीत मुक्काम असेल तेव्हा शौचासाठी पाण्यापासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो नंतर बुजवावा.