‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’: पैसे नेमके कुठे अडतात?

ढोकीतल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. लाडकी बहीणचे १५०० रुपये असोत की मुलांची महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात काहीच नाही. एक चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

गोंधळ कुठे होतो?

अर्ज एक असला तरी कॉम्प्युटर अनेक असतात. योजनेचं पोर्टल आधारच्या यंत्रणेला विचारतं, ‘ही बाई तीच का?’ पैसे पाठवताना एनपीसीआयच्या यादीत पाहिलं जातं, ‘या आधारला कोणती बँक जोडलेली आहे?’ मग बँक. या यंत्रणा आपसात ज्या जोडणीने बोलतात तिला एपीआय म्हणतात. एक कडी निसटली की सगळंच थांबतं, आणि कोणती निसटली ते स्क्रीनवर नीट लिहिलेलं नसतं. म्हणून केंद्रवाल्याशी भांडून उपयोग नाही. ती दुरुस्ती त्याच्या हातात नाही.

या दोन गोष्टी आधी तपासा

पहिली, बँक. खात्याला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते. नंतर दुसऱ्या बँकेत संमती दिली असेल तर पैसे तिकडे जातात. ‘आले नाहीत’ म्हणून शोधलेले पैसे कधी कधी त्या विसरलेल्या खात्यात सापडतात.

दुसरी, नाव. शेखचं इंग्रजी स्पेलिंग आपल्याकडे तीन-चार तऱ्हेनं लिहितात. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे अर्धं. लग्नानंतर आडनाव बदलतं ते वेगळंच. माणसाला कळतं, कॉम्प्युटर मात्र अक्षरं जुळवतो.

काय करावं?

• ‘माय आधार’ वेबसाइटवर ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती पाहा.
• बँक चुकीची असेल तर शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या.
• आधार, बँक आणि शाळेच्या दाखल्यावर नाव एकसारखं करून घ्या.
• एररचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, लेखी तक्रार द्या.
• ओटीपी कुणा एजंटला सांगू नका.

रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नसेल तरी रिकाम्या हाती परतू नका. आधार जुळत नाही एवढ्यावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. मशीन बंद पडणं हा आपला गुन्हा नाही. हक्काचं मागताना संकोच कशाला?